अनियमित ठोके आणि नियमित गोळ्या

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात ज्येष्ठ सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच ठेवला आहे, दोन-चार ठिकाणी वाक्यं सरळ केली एवढंच.)



आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. आपण इथं प्लॉट घेतले तेव्हा सभेत विषय असायचे ते एन.ए.चे, रस्त्याचे आणि बोअरच्या पाण्याचे. आता संध्याकाळी कट्ट्यावर बसलो की विषय निघतात शुगरचे, बीपीचे आणि गोळ्यांचे. सचिवांनी मला 'बचत आणि गुंतवणूक' यावर बोला म्हणून सांगितलं होतं. बँकेतला माणूस म्हटल्यावर दुसरं काय सांगणार? पण मी विषय बदलून मागितला. कारण या सभागृहात मला एक गोष्ट कबूल करायची आहे, आणि ती गोळ्यांशी संबंधित आहे.

मी डॉक्टर नाही. कॉमर्सचा पदवीधर, छत्तीस वर्षं हैदराबाद बँकेत नोकरी. ती बँक २०१७ साली स्टेट बँकेत विलीन झाली, त्याच्या आधीच मी निवृत्त झालो होतो. तेव्हा मी जे सांगणार ते पेशंट म्हणून सांगणार. काही नांदेडच्या डॉक्टरांना विचारून घेतलं, काही वाचलं. कुणाला गोळी सुरू करा किंवा बंद करा असं मी सांगणार नाही. त्याचं कारण पुढं येईलच.

२०१९ च्या दिवाळीनंतर मला जिना चढताना धाप लागू लागली. रात्री डाव्या कुशीवर झोपलं की छातीत कबुतर फडफडल्यासारखं वाटायचं. घरातलं बीपीचं मशीन कधी आकडा दाखवायचं, कधी नुसतंच 'एरर'. मी मशीनचे सेल बदलले! शेवटी इथल्याच दवाखान्यात कंपाउंडरनं मनगट धरलं आणि म्हणाला, "साहेब, नाडीचा मेळच लागंना गेलाय." तिथून नांदेड, ईसीजी, इको. निदान झालं एट्रियल फिब्रिलेशन. डॉक्टर मंडळी त्याला नुसतं 'एएफ' म्हणतात.

हृदयाचे चार कप्पे, वर दोन आणि खाली दोन. वरच्या उजव्या कप्प्यात एक बारीकसं ठिकाण आहे, तिथून दर ठोक्याला विजेची सूचना निघते आणि सगळं हृदय त्या तालावर चालतं. एएफ झालं की वरचे कप्पे आकसायचे सोडून मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे वेळा नुसते थरथरतात. सुदैवानं मध्ये एक गाठ असते, ती सगळ्या सूचना खाली जाऊ देत नाही. आमच्या शाखेतले हेड कॅशिअर तसेच होते, बाहेर कितीही गर्दी असो, एका वेळी एकच टोकन. पण जे खाली जातं ते कसंही जातं, म्हणून नाडी कधी भरभर, कधी दम खाऊन.

नुसती धडधड असती तर मी हा विषय घेतला नसता. थरथरणाऱ्या वरच्या डाव्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते. तिथं रक्त हलत नाही, साचतं, आणि साचलेल्या रक्ताची गुठळी होते. ती गुठळी सुटून मेंदूत गेली की आपल्याकडं म्हणतात 'अंगावरून वारं गेलं'. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाच्या गावात १९४८ पासून लोकांच्या तब्येतीची नोंद ठेवतात. त्या नोंदींवरून १९९१ साली प्रसिद्ध झालं की एएफ असलेल्या माणसाला लकव्याचा धोका सुमारे पाचपट असतो. लहानपणच्या सांधेतापानं झडप आकसली असेल तर याच्याही कितीतरी पुढं.

तर मला डॉक्टरांनी तीन गोळ्या लिहून दिल्या. मी त्या तिन्ही 'हार्टच्या गोळ्या' म्हणून एकाच डब्यात टाकल्या आणि इथंच माझी चूक सुरू झाली. तिन्हींची कामं वेगळी आहेत. एक वेग आवरते. दुसरी ताल परत आणण्याचा प्रयत्न करते. तिसरी गुठळी होऊ देत नाही.

वेग आवरणाऱ्यांत मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम आणि जुनी डिगॉक्सिन. डिगॉक्सिन वाचायला फार मजेदार आहे. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचे डॉक्टर विल्यम विदरिंग यांना एका म्हातारीचा गुप्त काढा समजला. अंगावर सूज आलेल्या माणसाला ती तो द्यायची. काढ्यात वीसच्या वर वनस्पती होत्या. त्यातलं खरं काम करणारं झाड कोणतं हे त्यांनी ओळखलं, ते फॉक्सग्लोव्ह म्हणजे डिजिटॅलिस. १७८५ साली त्यांनी पुस्तक काढलं आणि त्यात बरे झालेले आणि न झालेले, दोन्ही पेशंट नोंदवले. मला हे फार आवडलं. बुडीत कर्जाची नोंद न लपवणारा मॅनेजर विरळाच.

याच औषधाचा जास्त डोस झाला की जेवण नकोसं होतं, मळमळतं, डोळ्यांना पिवळसर दिसतं आणि ठोके उलट जास्त बिघडतात. किडनी मंद असेल किंवा लघवीच्या गोळीनं पोटॅशियम उतरलं असेल तर नेहमीचा डोसही जास्त ठरतो. म्हणून आपल्याकडं कित्येक डॉक्टर ही गोळी आठवड्यातून पाचच दिवस देतात, शनिवार-रविवार सुट्टी. मागच्या गल्लीतल्या एका मावशींची सून ती रोज देत होती, कारण 'गोळीला कशाची सुट्टी?' मावशींनी जेवण सोडलं तेव्हा घरचे म्हणाले वय झालं. वय नव्हतं झालं, गोळी जास्त झाली होती.

आता ताल परत आणणाऱ्या गोळ्या. याची सुरुवात एका व्यापाऱ्यानं केली असं म्हटलं तरी चालेल. १९१२ साली वेंकेबाख नावाच्या डच डॉक्टरांकडं एक व्यापारी आला, नाडी अनियमित. डॉक्टर म्हणाले, यावर इलाज नाही, पण भीतीही नाही. व्यापाऱ्याला हिशेब जुळल्याशिवाय चैन नसावं. तो म्हणाला, उद्या सकाळी नाडी सरळ करून येतो, आणि खरंच आला. रात्री त्यानं कोयनेल घेतलं होतं. पूर्वेकडच्या देशांत राहिल्यामुळं हिवतापासाठी कोयनेल त्याच्या ओळखीचं होतं, आणि त्यानं आपली धडधड थांबते हे त्यानं स्वतःच ताडलं होतं. पुढं १९१८ साली त्याच सालीतल्या क्विनिडीनचा गुण जास्त असल्याचं दिसलं आणि ते कित्येक वर्षं वापरात राहिलं.

आपल्या सर्पगंधेचंही नातं इथं लागतं. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी १९३१ साली तिच्या मुळातून एक द्रव्य वेगळं केलं आणि हकीम अजमल खानांच्या नावावरून त्याला अजमलीन नाव दिलं. पुढं युरोपात ते ठोक्यांवर वापरलं गेलं. आज ते मुख्यतः ठोक्यांचा एक छुपा आजार उघडा पाडायच्या तपासणीत वापरतात, तेही दवाखान्यात, ईसीजी लावून. मुंबईचे डॉ. रुस्तम वकील यांनी याच सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहिला आणि जगाचं लक्ष तिच्याकडं गेलं. हे अभिमानानं सांगतोच. पण त्याबरोबर हेही सांगतो की 'झाडपाल्याचं आहे, काही होत नाही' हे वाक्य मी आता ऐकून घेत नाही. डिगॉक्सिनही झाडपालाच आहे.

मला मिळाली ती अमिओडेरोन. बेल्जियममध्ये १९६१ साली ती छातीच्या दुखण्यासाठी तयार झाली. ठोक्यांवर ती कशी चालते हे १९७० च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये फिजीचे, भारतीय वंशाचे ब्रह्म सिंग यांनी दाखवलं. फार जोरकस गोळी. माझे ठोके तीन आठवड्यांत सरळ झाले. पण तिच्या वजनाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग आयोडीन असतो, त्यामुळं थायरॉइड कमी किंवा जास्त होऊ शकतं. यकृत आणि फुप्फुस यांच्यावरही नजर ठेवावी लागते. उन्हानं कातडी भाजते, आणि आपलं ऊन तुम्हाला माहीत आहे. गोळी बंद केली तरी ती शरीरातून जायला काही महिने लागतात. वर्षभरात माझा टीएसएच वाढला आणि डॉक्टरांनी ती काढून टाकली. दर सहा महिन्यांनी रक्त तपासा म्हणून सांगितलेलं असतं ते याच्यासाठी. डिगॉक्सिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या जुन्या गोळीबरोबर ती सुरू झाली तर त्या दोघींचा डोस कमी करावा लागतो. म्हणून एका डॉक्टरची चिठ्ठी दुसऱ्या डॉक्टरपासून लपवू नये.

ठोके सरळ दिसले म्हणजे माणूस सुरक्षित झाला का? अमेरिकेत १९८९ साली याचं उत्तर मोठ्या दुःखानं मिळालं. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या लोकांत मधले जादा ठोके धोक्याचे मानले जात, म्हणून ते दाबणाऱ्या गोळ्या दिल्या जायच्या. ईसीजीवर ठोके छान दाबले जात होते. मग एकाला खरी गोळी, दुसऱ्याला नुसती खडूची, अशी रीतसर तपासणी केली तर फ्लेकेनाइड आणि एनकेनाइड या खऱ्या गोळ्या घेणारे जास्त दगावले. तपासणी मध्येच थांबवावी लागली. आम्ही बँकेतले लोक हे लवकर समजू शकतो. मार्चअखेर ठेवी फुगवून ताळेबंद सजवायचा प्रकार आम्ही पाहिलेला आहे. ३१ तारखेचा आकडा सुंदर, शाखा मात्र आतून पोकळ.

आता तिसरी गोळी. हिच्यासाठीच मी विषय बदलून मागितला.

मला 'रक्त पातळ करायची' म्हणून अपिक्साबॅन दिली होती, सकाळी एक आणि रात्री एक. ती सुरू करायची की नाही हे डॉक्टर गुण लावून ठरवतात. आम्ही कर्जदाराला लावायचो तसेच. पासष्ट ओलांडली एक गुण, पंचाहत्तर झाली की दोन, बीपी एक, शुगर एक, हृदय कमजोर एक, आधी लकवा होऊन गेला असेल तर दोन, असं. माझे वय आणि बीपी मिळून दोन झाले. पुरुषाला दोन म्हणजे गोळी हवी.

हिची अडचण अशी की ती घेतल्यानं काहीच जाणवत नाही. वेगाची गोळी घेतली की धडधड कमी होते. तालाची घेतली की धाप जाते. हिच्यामुळं फक्त एक गोष्ट होत नाही, आणि न झालेली गोष्ट दिसणार कशी? उलट ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं, ते मात्र दिसतं.

२०२२ च्या श्रावणात मी विचार केला. नाडी सहा महिने सरळ आहे. खातं नियमित झालं की तारण सोडतात. मग ही गोळी कशाला? मी ती स्वतःच्या मनानं बंद केली. डॉक्टरांना फोनसुद्धा केला नाही. वर कट्ट्यावर बसून सांगितलं, "मी ती पातळ करायची बंद केली, काही होत नाही." बँकेतला साहेब सांगतोय म्हटल्यावर लोक ऐकतात.

एकोणिसाव्या दिवशी, तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, बोअरच्या मोटार दुरुस्तीचा चेक सही करायला सचिव घरी आले होते. मी खजिनदार होतो. सही केली. सचिव हसले, म्हणाले, "साहेब, ही कोणाची सही?" मी बघितलं, मलाही ओळखू येईना. छत्तीस वर्षं दुसऱ्याच्या सह्या नमुना कार्डाशी ताडून बघितल्या, आणि माझी सही माझ्या नमुन्याशी जुळत नव्हती. मी काहीतरी बोललो. आमची ही आतून आली, म्हणाली, "अहो, काय बोलूलालाव तुम्ही?" मला वाटत होतं मी नीट बोलतोय. तिनं मला बसूसुद्धा दिलं नाही. शेजारच्या गाडीत घातलं आणि सरळ नांदेड. रस्त्यातच शब्द परत आले. एमआरआयमध्ये एक बारीक ठिपका निघाला. डॉक्टर म्हणाले, दैव चांगलं.

तुम्हाला सगळ्यांना सांगितलं गेलं की बीपी वाढलं होतं. ते मीच सांगायला लावलं. गोळी मी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू केली. ती बंद केलेली तुम्हाला कट्ट्यावर सांगितली, सुरू केलेली सांगितली नाही. लाज वाटली, दुसरं काही नाही.

कट्ट्यावर ऐकणाऱ्यांत आपले गुरुजी होते. त्यांचाही हाच आजार, हीच गोळी. माझं ऐकून त्यांनीही बंद केली होती, आणि ती बंदच राहिली. दोन महिन्यांनी पहाटे ते मोरीजवळ पडलेले सापडले. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन लकवा सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ते रात्री कधी पडले हेच कुणाला माहीत नव्हतं. आज ते पुढच्या रांगेत बसले आहेत. हे बोलू का म्हणून मी मागच्या आठवड्यात त्यांच्या घरी जाऊन विचारलं. त्यांनी डाव्या हातानं पाटीवर लिहिलं, 'सांगा'.

मी नंतर वाचलं की हे आधीच समजलेलं होतं. २००२ साली अमेरिका आणि कॅनडात चार हजारांवर पेशंटची एक मोठी तपासणी प्रसिद्ध झाली. अर्ध्यांचा फक्त वेग आवरला, अर्ध्यांचा ताल सरळ ठेवायचा प्रयत्न केला. ताल सरळ ठेवलेले काही जास्त जगले नाहीत. आणि लकवा झाला तो बहुतेक अशांना, ज्यांची रक्ताची गोळी बंद झाली होती किंवा कमी पडत होती. ताल सरळ आहे म्हणून ती थांबवलेलेही त्यात होते. म्हणजे माझ्यासारखेच. २०२० साली युरोपातून आलेल्या अभ्यासात ताल लवकर, म्हणजे निदानाच्या पहिल्या वर्षातच सरळ करायला घेतला तर फायदा दिसला हेही खरं, पण त्यातल्या जवळजवळ सगळ्यांची रक्ताची गोळी चालूच होती.

हिच्यामुळं रक्तस्राव होऊ शकतो, हे काही खोटं नाही. शी डांबरासारखी काळी झाली, लघवीत रक्त आलं, किंवा पडून डोक्याला मार लागला तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅक आणायची नाही. दात काढायचा असेल तर किती वेळ थांबवायची आणि कधी सुरू करायची हे डॉक्टरला विचारायचं. हिरड्यांचं मी सांगितलं असतं तर डॉक्टरांनी मला दातांच्या डॉक्टरकडं पाठवलं असतं. नंतर पाठवलंच, दोन दात किडके निघाले. या नव्या गोळीचा असर अर्ध्या-एक दिवसात उतरतो, त्यामुळं लग्नाला गेलो आणि डबा घरी राहिला, हे चालत नाही.

आपल्यात काही जण जुनी गोळी घेतात, वॉर्फरिन किंवा अॅसिट्रॉम. ती जुनी म्हणून वाईट समजू नका. तिचा जन्म शेतकऱ्यांना पटेल असा आहे. १९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात जनावरं रक्त वाहून मरायला लागली. कारण निघालं बुरशी लागलेला क्लोव्हरचा चारा. १९३३ च्या थंडीत एक शेतकरी मेलेली गाय आणि डबाभर न गोठलेलं रक्त घेऊन विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात गेला. तिथल्या कार्ल लिंक यांनी चाऱ्यातलं द्रव्य शोधलं. त्यातूनच पुढं वॉर्फरिन निघालं, आधी उंदराचं औषध म्हणून आणि मग माणसाचं. १९५५ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅक आला तेव्हा त्यांनाही ते दिलं होतं.

तिला आयएनआर नावाची रक्त तपासणी लागते, एएफमध्ये आकडा साधारण दोन ते तीनमध्ये ठेवतात. पालेभाज्यांतलं के जीवनसत्त्व तिच्या विरुद्ध काम करतं. म्हणून लोक मेथी, पालक एकदम सोडतात आणि मग हरभऱ्याचा पाला निघाला की आठ दिवस तोच खातात. दोन्ही चूक. भाजी खा, पण दर आठवड्याला साधारण तेवढीच खा.

ज्यांची झडप सांधेतापानं आकसली आहे त्यांना हीच जुनी गोळी बरी. २०२२ साली आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या चार हजारांवर अशा पेशंटमध्ये नवी रिव्हरोक्साबॅन ताडून पाहिली तर जुन्या गोळीवरचे लोक कमी दगावले. धातूची झडप बसवलेल्यांनाही जुनीच. तेव्हा शेजाऱ्याची नवी गोळी बघून 'मलाही तीच द्या' म्हणू नका. आणि पैशासाठी अर्धी करून घेत असाल तर तसं डॉक्टरला स्पष्ट सांगा. पेटंट संपल्यावर अपिक्साबॅन बऱ्याच कंपन्यांनी काढली आहे, भाव पूर्वीपेक्षा पुष्कळ उतरले आहेत. तिच्याऐवजी अॅस्पिरिन घेऊन भागत नाही.

आता सचिव घड्याळ दाखवत आहेत. चहा तयार आहे, पण त्याआधी दहा मिनिटं द्या. उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका, पूर्ण एक मिनिट मोजा. आकडा किती आला त्यापेक्षा दोन ठोक्यांतलं अंतर सारखं आहे का ते बघा. ज्यांना सारखं वाटणार नाही त्यांनी घाबरू नका, नाव द्या, येत्या मंगळवारी नांदेडला आपली गाडी जाणार आहे, ईसीजी काढून आणू.

दाराजवळच्या टेबलावर कोरी कार्डं ठेवली आहेत. गोळीचं नाव, कशासाठी आहे, किती वाजता, पुढची रक्त तपासणी कधी, आणि शेवटच्या ओळीत 'बंद केली असल्यास कोणी सांगितलं'. माझं कार्ड मी भरून फळ्यावर लावलं आहे. शेवटची ओळ मी खरी भरली आहे, ज्यांना बघायची त्यांनी बघा.

गुरुजी, तुमची नाडी मी बघतो. हात द्या.